काच नोहे

खरे बोलणाऱ्या माणसांमुळे समाज टिकून राहतो, असे आपण व्यासपीठावरून नेहमी ऐकतो. माझ्या ओळखीत असा एकच माणूस होता. त्याच्यामुळे समाजाचे काय झाले ते मला सांगता येणार नाही. कुडव्याच्या नाक्यावरचा एक नाश्त्याचा ठेला मात्र बंद पडता पडता राहिला.

सुखरामकाका माझे शेजारी. मी कुडव्यात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आले. बसा म्हटले तर बसले नाहीत. आधी खिशातून सहा इंची पोलादी पट्टी काढली, माझ्या पुस्तकांच्या फळीला लावली आणि म्हणाले, “मास्तर, फळी दोन सूत वाकली.”

त्या पाव इंचाचे कारण म्हणून मी म्हटले, पुस्तके जड आहेत.

“पुस्तकाले कायले दोष देता? फळी पातळ हाये.”

मग बसले. चहा पिताना त्यांनी विचारले, “एवढे सारे वाचले का जी?” या प्रश्नाला मी सवयीने ‘हो, बहुतेक’ असे उत्तर देत असे. पण समोरचा माणूस ज्या नजरेने बघत होता त्या नजरेपुढे माझ्या तोंडून “अर्धी” असे निघून गेले.

“बरं झालं खरं सांगितलं. वरच्या फळीवर धूळ दिसून राहिली.”

काका रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. खरे बोलणे हा त्यांच्या लेखी सद्गुण वगैरे नव्हता. ते एक माप होते. दोन सूत म्हणजे दोन सूत. त्यांच्या समाजातली मंडळी लग्नाकार्यात आपले पूर्वज माळव्यातून कसे आले हे छाती पुढे काढून सांगत. कोणी काकांकडे होकारासाठी पाहिले की ते म्हणत, “आले असतील. मी पायलं नाही.” त्यांच्या मुलाला पाहायला पाहुणे आले तेव्हा अंगणातल्या मोटारसायकलकडे बोट दाखवून मुलीच्या मामाने विचारले, “गाडी आपलीच ना?” काका म्हणाले, “नोहे. या मास्तरची.” ते स्थळ मोडले. पुढच्या स्थळाच्या वेळी काकूंनी त्यांना धान पाहायला चोरखमारा गावाकडच्या शेतावर पाठवून दिले आणि लग्न जमले.

निवृत्तीनंतर ते घरीच कपाटे करत. विकायला नाही, लागतील तशी. औजारांचे एक, देवांचे एक, काकूंच्या डब्यांचे एक. लाकूड जुन्या दारांचे, आणि समोर पारदर्शक प्लास्टिकची शीट. सगळी गल्ली त्या शीटला काच म्हणे. निदान ‘प्लास्टिकची काच’ तरी म्हणेच. काका हातातले काम थांबवून दुरुस्ती करत: “काच नोहे.” पोस्टमन म्हणाला तरी, भटजी म्हणाले तरी. एकदा मी म्हटले, “काका, लोकांना कळते हो काय म्हणायचे ते.” त्यांनी हातातला काचकागद, म्हणजे कडा घासायचा खरखरीत कागद, माझ्यापुढे धरला. “या साऱ्या कपाटात काच असन तर एवढ्या कागदापुरती. बाकी नोहे.”

आता ठेल्याची गोष्ट.

काकांचा धाकटा भाऊ अकाली गेला. मागे त्याची बायको अनसूयाबाई आणि दोन मुली. अनसूयाबाईंनी नाक्यावर आलुबोंडे आणि पोह्यांचा ठेला टाकला आणि त्यावर घर चालवले. काका त्यांचे मोठे दीर, म्हणजे भासरे. त्या घरात भावसुनेने भासऱ्यांशी थेट बोलायचे नाही, असा रिवाज होता आणि दोघांनीही तो वीस वर्षे पाळला होता. बोलायचे झाले तर तिसऱ्या माणसामार्फत. तिसरा माणूस बहुधा मी असे.

गोंदिया जिल्हा नवा होता. कचेऱ्या नव्या, साहेब नवे, त्यांचा उत्साहही नवा. त्यातले एक साहेब एका गुरुवारी नाक्यावर आले आणि उघड्या परातीतले आलुबोंडे बघून अनसूयाबाईंच्या हातात कागद देऊन गेले. ‘खाद्यपदार्थ काचेच्या बंद कपाटात ठेवावेत.’ सोमवारी पुन्हा येणार. कपाट नसेल तर ठेला उचलायचा.

अनसूयाबाई डोक्यावर पदर ओढून काकांच्या ओसरीच्या दाराआड उभ्या राहिल्या. काका ओसरीत, तीन हातांवर. मी मध्ये.

“मास्तर, भासऱ्याले सांगा, कपाट पायजे.”

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “मास्तर, तिले सांगा, होते.”

“मास्तर, सांगा, कागदावर काच लिहिली हाये.”

“मास्तर, तिले सांगा, काच दोनदा बसवली आन दोनदा फुटली. ठेला रोज फाटकावरून ओढून नेते. रुळावर चाक आदळते. मांगच्या खेपेले तुकडा चटणीत निंगाला. गिऱ्हाइकाच्या तोंडात गेला असता तर?”

तो तुकडा अनसूयाबाईंनाच सापडला होता, आणि त्या दिवसाची सगळी चटणी त्यांनी नालीत ओतली होती. त्यानंतरच परात उघडी राहू लागली होती.

“मास्तर, सांगा, भासरे म्हणतील तसं. पण सोमवारी ठेला उचलला तर पोरींची शाळा...” वाक्य तिथेच थांबले. मी ते पोचवले नाही. पोचायचे तिथे ते पोचले होते.

शनिवारी मी आणि काका गोंदियाच्या बाजारात गेलो. पाट्या रंगवणाऱ्यांना सामान विकणारे एक दुकान होते. दुकानदाराने दोन शीटा पुढे ठेवल्या. दोन्हींवर निळसर पन्नीचे पातळ वेष्टन, दोन्ही आरपार स्वच्छ. एक निम्म्या किमतीची.

“काकाजी, दोनो एकच है. सस्तीवाली ले जाओ.”

काकांनी दोन्हींवर नखाने टिचकी मारली. एकीचा आवाज पत्र्यासारखा आला, दुसरीचा बसका. मग त्यांनी दोन्हींचे भंगारातले तुकडे मागितले आणि दुकानदाराला काही कळायच्या आत काडी ओढली. बसक्या आवाजाचा तुकडा शांतपणे जळला. स्वस्त शीटच्या तुकड्याने मात्र काळा धूर सोडला, आणि काजळीचे धागे तरंगत तरंगत गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या कॅलेंडरवर जाऊन बसले.

“अरे काका! दुकान जलाओगे क्या?”

“दोनो एक नही है,” काका म्हणाले. “इसको तेल लगा तो तडकती है. वो दो.”

चांगली शीट त्या जाडीची एकच उरली होती. पुढची नागपूरहून मंगळवारी येणार होती. आम्हाला समोरची एक बाजू आणि दोन कडेच्या, असे तीन तुकडे हवे होते. काकांनी पट्टी लावून तीनदा मोजले. “बसते. बोटभर उरते.” बोटभर, म्हणजे चुकायला जागा बोटभर.

ती शीट आम्ही माझ्या मोटारसायकलवरून आणली. काका चालवत होते, मी मागे दोन्ही हात पसरून शीट धरून बसलो होतो. वाऱ्याने तिचे शीड झाले. शेजारून ट्रक गेला की शीट एका दिशेला जाई आणि मी तिच्या मागोमाग. काका वळून न बघता ओरडले, “मास्तर, तुमी पडा, पण तिले पडू देऊ नका!” पुस्तकी माणसाला त्याची किंमत अशी स्पष्ट क्वचितच कळते.

रविवारी सकाळी काकांनी टेबल अंगणात घेतले. चौकट आधीच तयार होती. लाकडात शीट सरकवायची खाच पाडलेली. पन्नी त्यांनी काढली नाही. पन्नीवरच पेन्सिलने रेघा मारल्या. त्यांचे हत्यार घरचेच होते: लोखंड कापायच्या हेक्सा ब्लेडचे टोक घासून पोपटाच्या चोचीसारखे केलेले. एक लांब पोलादी पट्टी रेघेवर दाबून ते ही चोच आपल्याकडे ओढत. पहिल्यांदा हलकी. मग पुन्हा त्याच रेघेवरून. पुन्हा. प्रत्येक वेळी आतून पांढरा धागा निघे आणि आवाज थोडा खोल जाई.

“करवत का नाही लावत?” मी विचारले.

“गरम होते. वितळते आन मागून पुन्हा चिकटते. मग वाटते कापलं, आन कापलेलं नसते.”

पंधरा-वीस वेळा ओढून झाल्यावर ते शीट टेबलाच्या कडेवर आणत, रेघ बरोबर काठावर, एक तळवा टेबलावर, एक बाहेर. आणि श्वास धरून एकदाच खाली दाबत. ‘कट्’ असा कोरडा आवाज येई. समोरची बाजू निघाली. डावी निघाली. गल्लीतले दोघेतिघे कुंपणावर हात ठेवून बघत होते. अनसूयाबाई दाराच्या फटीत. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता.

उरली उजवी बाजू. काकांनी शीट काठावर आणली. तळवे ठेवले. तेवढ्यात दाराआडून, बहुधा ताण सहन न होऊन, आवाज आला: “मास्तर, भासऱ्याले सांगा, चहा झाला.”

निरोप पोचवायची सवय. माझ्या तोंडून गेले, “काका, चहा.”

काकांची मान वळली आणि त्याच क्षणी हात दाबले गेले. कट् झाले, पण शेवटच्या चार बोटांत चीर रेघ सोडून तिरपी आत गेली.

दाराच्या फटीतला हात दिसेनासा झाला. काकांनी तुकडा उचलला, कोपऱ्याला पट्टी लावली. “चार सूत कमी.” मला वाटले ते मला शिव्या देतील, मी त्यांची वाटच बघत होतो. ते एवढेच म्हणाले, “लाकूड माफ करते मास्तर. हे माफ करत नाही.” आणि जमिनीवर बसले. दाराआडून नाक ओढल्याचा आवाज आला, तसे ते उठले, चौकटीपाशी गेले आणि म्हणाले, “मंग लाकडालेच इचारू.”

त्या कोपऱ्यात त्यांनी चौकटीला आतून एक जास्तीची पट्टी ठोकली आणि तिच्यात नवी खाच पाडली. दिवस मावळेपर्यंत शीट तिच्यात बसली. भोके पाडताना खाली लाकूड ठेवून, ड्रिल हाताने, मुंगीच्या पावलाने. आणि प्रत्येक भोक स्क्रूपेक्षा जरा मोठे. “उन्हात हे फुगते. त्याले हलाले जागा नाही ठेवली तर स्वतःच तडकते.” सगळ्यात शेवटी पन्नी सोलली. कपाट असे दिसत होते की समोरची बाजू आहे की नाही हे बघायला एका बघ्याने बोट लावले. काकांनी ते बोटाचे ठसे साबणपाण्याने, जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसले. “मास्तर, तिले सांगा, राख नाही, तारेची घासणी नाही, स्पिरिट नाही. फक्त हे फडकं.”

आता एकच धोका उरला होता: स्वतः काका. कागदावर काच लिहिली होती आणि ही काच नव्हती, हे कुडव्यात सगळ्यांना ठाऊक होते. पण तसे सांगितल्याशिवाय राहणार नाही असा माणूस एकच होता.

“काका, उद्या काही बोलू नका,” मी म्हणालो.

“मी कायले बोलू? पण इचारलं तर खोटं बोलन नाही.”

काकूंनी आपला जुना उपाय काढला. सोमवारी सकाळी काकांना शेतावर पाठवले. आम्ही निश्चिंत झालो. साडेदहाला मी ठेल्याशी उभा होतो, साहेब समोरून येत होते, आणि दुसऱ्या बाजूने सायकलवर काका येत होते.

“उजवीकडचा स्क्रू जास्त कसला गेला,” ते धापा टाकत म्हणाले. “अर्ध्या रस्त्यात ध्यानात आलं. ऊन वाढलं तर तडकन.” आणि पेचकस घेऊन कपाटापाशी वाकले. साहेब आले तेव्हा ते तिथेच होते.

साहेब तरुण होते, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी घातली. दार उघडून बघितले, बंद करून बघितले. आत आलुबोंडे एकावर एक रचलेले, बाहेर एक माशी चालत होती आणि तिला आत जाता येत नव्हते. साहेब खूश दिसले. त्यांनी वही उघडली. “छान. काच किती मिलीची बसवली? पाच?”

मी अनसूयाबाईंकडे बघितले. अनसूयाबाईंनी कढईकडे बघितले. काका सरळ उभे राहिले.

“चार,” ते म्हणाले. आणि मी मनातल्या मनात देवाचे नाव घेत असताना, “आन काच नोहे.”

साहेबांचे पेन थांबले. “काच नाही? मग काय आहे?”

“प्लास्टिक. अॅक्रेलिक म्हणतात.”

“नियमात काच आहे, काका.”

“नियमात हाये. इथं नाही.”

साहेबांनी पेनाचे टोपण लावले. एवढासा टक आवाज झाला. “मग मला तसं लिहावं लागेल.”

काका समजावू लागले: रेल्वे फाटक, रूळ, चटणीतला तुकडा, स्वस्त शीट, महाग शीट, काळा धूर. एकूण एक शब्द खरा होता आणि प्रत्येक शब्दागणिक साहेबांचा चेहरा आणखी सरकारी होत होता. काका “आन उजव्या कोपऱ्यात चार सूत...” इथपर्यंत आले, तेव्हा मागून आवाज आला.

“भासरेजी! आता चूप बसा.”

मध्ये कोणी नव्हते. वीस वर्षांत पहिल्यांदा. काकांचे तोंड उघडेच राहिले. अनसूयाबाईंच्या डोक्यावरचा पदर तसाच होता, हातात झारा होता. त्या पुढे आल्या आणि ज्या शीटवरचे बोटाचे ठसेही काकांनी पुसून काढले होते, तिच्यावर त्यांनी तो लोखंडी झारा दाणकन मारला.

साहेब एक पाऊल मागे गेले. मी दोन. शीट ‘धब्ब’ वाजली, थरथरली आणि तशीच उभी राहिली. एक पुसट ओरखडा उठला, एवढेच.

“काच असती त साहेब, आता तुमच्या आलुबोंड्यात असती,” अनसूयाबाई म्हणाल्या. “हे मानूस खोटं बोलत नाही, हेच आमचं दुखणं हाये. पण हे खोटं बोलत नाही, हेही लिहून घ्या.”

साहेबांनी शीटकडे बघितले, झाऱ्याकडे बघितले. झारा अजून वरच होता. मग टोपण काढून वहीत काहीतरी लिहिले आणि अनसूयाबाईंना सही करायला दिले. मी खांद्यावरून वाचले: ‘न फुटणारी काच. योग्य.’

काकांनीही वाचले. ते साहेबांना हाक मारणार इतक्यात अनसूयाबाईंनी एक गरम आलुबोंडा कागदावर ठेवून माझ्या हातात दिला. “मास्तर, भासऱ्याले द्या.” काकांचे तोंड भरेपर्यंत साहेबांची गाडी सुरू झाली होती.

त्यानंतर ती दोघे पुन्हा माझ्यामार्फत बोलू लागली, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. फक्त संध्याकाळी निरोप आला: “मास्तर, तिले सांगा, पुढच्या टायमाले झारा सपाट बाजूनं मारजो. ओरखडा पडत नाही.” काकांनी दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी होती.

काका काही वर्षांनी गेले. दुपारी ओसरीत, हातात पट्टी असताना. शोकसभा झाली. ज्यांना काकांनी आयुष्यात कधी ना कधी काही खरे सांगून दुखावले होते ते सगळे आले होते, म्हणजे गर्दी बरी होती. एक पुढारी बोलले. “सुखरामजींचं जीवन,” त्यांनी आवाज खाली आणला, “काचेसारखं पारदर्शक होतं.”

मागच्या ओळीतून, पदराआडून, पुरेसा ऐकू येईल असा आवाज आला: “मास्तर, त्यायले सांगा. काच नोहे.”

मी सांगितले नाही. सभा होती.

ठेला अजून नाक्यावर आहे. अनसूयाबाईंनी काकांचे फडके वर्षभर वापरले आणि मग बाकीच्या भांड्यांबरोबर कपाटही राखेने घासायला घेतले. त्यामुळे शीट आता दुधासारखी पांढरी झाली आहे आणि आतले काही दिसत नाही. आलुबोंडे आहेत का, हे गिऱ्हाईक विचारून घेते. मागल्या दिवाळीत मुलींनी रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली. तिच्यावर ‘काचवाली मावशी’ असे आहे.